लॅमिंग्टन रोड : सुट्या भागांचा बाजार

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडून जाणाऱ्या रस्त्याचे पालिकेच्या दप्तरातले नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. संगणकाचे सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडी मात्र तो अजूनही लॅमिंग्टन रोडच आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी एक लॅमिंग्टन यांनाही लागली होती. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर रॅम शोधत फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते.

संगणक येण्याआधी हा रस्ता सिनेमाचा होता. ‘शोले’ पाच वर्षे चालवणारे मिनर्व्हा इथलेच. नाझ चित्रपटगृहाच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. त्याच परिसरात रेडिओ, अँप्लिफायर, टेपरेकॉर्डर यांचे भाग विकणारी दुकाने वाढली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि टीव्हीच्या भागांची त्यात भर पडली. इथला गिऱ्हाईक मुख्यतः दुरुस्ती करणारा किंवा हौशी. तो अख्खी वस्तू मागत नसे. अमुक क्रमांकाचा ट्रान्झिस्टर, तमुक क्षमतेचा कपॅसिटर मागे. वस्तू मोडून भागाभागाने विकायची ही सवय पुढे कामी आली.

१९८१ मध्ये आयबीएमने आणलेला पर्सनल कॉम्प्युटर बराचसा बाहेरच्या कारखान्यांच्या भागांनी बनला होता आणि त्याची मंडलरचना कंपनीने स्वतःच छापून प्रसिद्ध केली होती. इतरांनी त्याच्या नकला काढल्या, तैवानमध्ये मदरबोर्डांचे कारखाने उभे राहिले, आणि स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही संगणक जोडणे शक्य झाले. भारतात आडवा येत होता तो परवाना आणि भरमसाठ आयातशुल्क. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने ही पकड सैल केली. १९९१ च्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला, तेव्हा सारा माल परदेशी असलेल्या या बाजाराला डॉलरच्या भावावर डोळा ठेवणे भागच पडले.

नव्वदच्या दशकात ‘ब्रँडेड’ आणि ‘असेम्बल्ड’ असे दोन संगणक मध्यमवर्गीय घरांसमोर होते. असेम्बल्ड स्वस्त पडे. जाहिरात, विक्रीजाळे आणि नाव यांचा खर्च त्यात नव्हता हे खरे, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. काही माल शुल्क चुकवून आलेला असे, काही ‘विदाउट बिल’ विकला जाई, आणि विंडोजची चोरटी प्रत बहुतेक वेळा फुकट घालून मिळे. म्हणजे स्वस्ताईतला मोठा वाटा सरकारी तिजोरीतून आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या खिशातून येत होता. त्याची किंमत गिऱ्हाईकही मोजत असे, फक्त नंतर : बिल नाही तर वॉरंटी नाही, दुकानदाराच्या शब्दावर भरवसा.

खरेदीची रीत ठरलेली होती. पहिल्या दुकानात कोटेशन लिहून घ्यायचे, तो कागद घेऊन पुढची दुकाने करायची, आणि शेवटी जिथे ‘फायनल’ आकडा खाली आला तिथे थांबायचे. ही रीत वाटते तितकी गिऱ्हाईकाच्या फायद्याची नव्हती. प्रोसेसरचा आणि हार्ड डिस्कचा भाव सर्वांना ठाऊक असल्याने त्यांवर दुकानदाराला फार थोडे सुटत असे. तो तिथे शंभर-दोनशे रुपये सहज सोडी आणि कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग), केबल, पंखा यांत भरून काढी. बेभरवशाच्या एसएमपीएसवर छापलेले वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असे नसे, आणि तोच भाग बिघडला तर मदरबोर्डही सोबत नेण्याची भीती. जाणकार म्हणून उलटे करत : मुख्य भागांवर घासाघीस थोडी, एसएमपीएस मात्र नाव पाहून.

फसवणुकीचा एक प्रकार तर कारागिरीचा होता. कमी वेगाच्या पेंटियमवरचा छाप खरवडून त्यावर वरचा आकडा उमटवलेले ‘रिमार्क्ड’ प्रोसेसर तेव्हा जगभरच्या बाजारांत फिरत होते. बसच्या म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडवाहिनीच्या वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो गुणक इंटेलने पुढे कुलूपबंद केला, त्यामागे हेही एक कारण होते. पण बसचा वेग मोकळाच राहिला, आणि त्यातून काटकसरी गिऱ्हाईकाला एक प्रामाणिक घबाड मिळाले. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ३०० मेगाहर्ट्झने चाले. मदरबोर्डवर बस १०० केली की तो ४५० ला जाई, आणि असे बरेचसे नग बिनतक्रार चालत. कितीतरी महाग पेंटियम-टूच्या तोडीचे काम त्यातून निघे. ही स्वस्ताई चोरीची नव्हती, माहितीची होती.

मग शुल्काचे गणितच संपले. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत त्यातल्या मालावरचे आयातशुल्क शून्यावर आले. चोरट्या आयातीतला नफा त्यामुळे आटला. मुंबईत १९८९ मध्ये सुरू झालेल्या राशी पेरिफेरल्ससारख्या वितरकांमार्फत अधिकृत माल वॉरंटीसह येऊ लागला. बदनामी मात्र टिकून राहिली : २००९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने नकली मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांत लॅमिंग्टन रोडचे नाव घेतले.

शुल्क गेल्यावर भाव हलवू लागल्या त्या दूरच्या घटना. तैवानच्या २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपानंतर मेमरी भडकली होतीच. २०११ च्या थायलंडमधल्या पुराने हार्ड डिस्कचे भाव काही आठवड्यांत जवळपास दुप्पट केले. २०१७ आणि २०२१ मध्ये आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली आणि कमी बजेटचा संगणक बांधणाऱ्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत सोडली तेव्हा तीच कार्डे वापरलेल्या मालात येऊन पडली. ती घेताना पंखा आणि थर्मल पेस्ट पाहणे, दुकानातच तासभर ताण देऊन चालवून बघणे, हा शहाणपणा रूढ झाला.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, बहुतेक भागांवर १८ टक्के. आता व्यावसायिक गिऱ्हाईकाला कर वळता करून घ्यायचा तर पक्के बिल हवेच. ऑनलाइन भाव मोबाइलवर दिसत असल्याने दुकानोदुकानी कोटेशन नेण्याची गरजही कमी झाली, आणि इथल्या काही दुकानांनी स्वतःच्या संकेतस्थळांवरून देशभर माल धाडायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या काउंटरवर अजून टिकून असलेले गिऱ्हाईक मुख्यतः तीन प्रकारचे आहे : बिघडलेला भाग हातात घेऊन त्याच दिवशी बदली मागणारा, पेटीविना येणारा ‘ट्रे’ प्रोसेसर दुकानदाराच्या हमीवर घेणारा, आणि कंपन्यांनी काढून टाकलेले जुने डेस्कटॉप घेऊन त्यात एसएसडी व रॅम वाढवणारा.