मानेगावचा पाहुणा

आपल्या खानदेशात एदलाबादेजवळच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगराजवळच्या मानेगावी २९ जून १८४३ रोजी आकाशातून एक दगड पडला. ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी त्याची हकीकत पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिली. केळी-कापसाबरोबर खानदेशाने या दगडाचेही नाव घ्यावे, असे आम्हांस वाटते. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाच्या जातीचा तो नव्हे. तो डायोजेनाइट वर्गातला. असे अशनी मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहाच्या पोटातून उखडले गेले, असे शास्त्रज्ञ मानतात. २०११-१२ साली डॉन यानाने वेस्टाची जवळून पाहणी केली, तेव्हा या मताला बळकटी आली. जेथे मनुष्य अद्याप पोचला नाही, तेथला खडक आपल्याकडे आयता चालून आला!

सारेच पाहुणे असे सौम्य नसतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर अशाच आगंतुकाच्या आघाताने पडले. २०२२ साली डार्ट यान मुद्दाम आदळवून डायमॉर्फसचा प्रदक्षिणाकाल अर्ध्या तासाहून अधिक घटविता आला. पण असा धक्का द्यावयाचा, तर पाहुणा आधी दिसावयास हवा. २०१३ साली रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या बाजूने आला. तो फुटेपर्यंत कोणाच्याही दुर्बिणीस दिसला नव्हता.