रहिमतुला बंधू : घर एक, निर्णय दोन
पुण्यात माझ्या वर्गात फाळणीचा धडा आला की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, आपले लोक का गेले?" मग मी मुंबईच्या रहिमतुला भावांविषयी सांगतो. व्यापारी खोजा घराणे. वडील सर इब्राहिम १९३१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. धाकटे हबीब कायदा शिकले, व्यापारात शिरले आणि १९४७ मध्ये पाकिस्तानचे लंडनमधील पहिले उच्चायुक्त झाले. थोरले फझल टॅरिफ बोर्डाचे सदस्य होते. ते मुंबईतच राहिले आणि स्वतंत्र भारतात शहराचे शेरीफ झाले.

घर एक, तालीम एक; निर्णय दोन. "आपले लोक गेले" हे अर्धेच खरे आहे, बाळांनो. आपले लोक राहिलेही. म्हणून तर तुम्ही या बाकांवर बसला आहात.