तारेचं कुंपण, इथलं आणि तिथलं

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं की पुरे. हे नाव गुन्हेगार जमाती कायद्यातून आलेलं. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. गिरणीत राबायला मात्र जायचं, कारण गिरणीला मजूर हवेच होते! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे आला.

पुढे त्या पाद्र्यांच्याच देशात तसंच कुंपण उभं राहिलं. फेब्रुवारी 1942 मध्ये रूझवेल्टने आदेश काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक. खटला नाही, पुरावा नाही. जर्मन वंशाच्यांना मात्र असं सरसकट उचललं नाही. आपल्याकडे जात पाहिली, तिथे चेहरा.

अमेरिकेने 1988 मध्ये माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर देऊ केले. आपल्याकडे 1952 साली कायदा रद्द झाला, 'विमुक्त' हा शब्द मिळाला आणि मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांची ती 'फ्री कॉलनी'. तिथली मुलं आजही पत्ता सांगताना 'सेटलमेंट' गाळतात, नुसतं 'फ्री कॉलनी' म्हणतात.