मातीची पारख

जमिनीचे वर्णन पुस्तकात वाचणे निराळे आणि शेतात खड्डा खणून तिची पारख करणे निराळे. पावसाच्या मुलुखात माती किती सुपीक, एवढे पाहिले तरी बरेचसे भागते. अवर्षणाच्या प्रदेशात ती पाणी किती धरते, हे आधी विचारावे लागते. दख्खनला हा धडा सहजी मिळालेला नाही.

१९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ केला. पुढे १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर आणि तत्कालीन निजामी राज्यातील रायचूर येथे केंद्रे निघाली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत आणि विरळ पेरणी अशी त्यांची शिफारस होती. उत्पन्न वाढले, परंतु बेताचेच. समपातळीचे बांध हलक्या जमिनीत पाणी जिरवीत. खोल काळ्या जमिनीत त्याच बांधांपाशी पाणी तुंबून पिकाचे नुकसान होई. उपाय एक आणि जमिनी अनेक, असे ते झाले.

१९७० साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हैदराबादेहून सुरू झाला आणि १९७२ साली शहराजवळ पटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या आवारात काळी आणि लाल अशा दोन्ही जमिनी आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल दीर्घकाळ राखते; लाल मातीवर पावसानंतर कठीण पापुद्रा धरतो व तिच्यात ओल कमी टिकते. येथे शिकणाऱ्याला हा भेद एकाच आवारात हाताने चाचपता येतो. काळ्या जमिनीसाठी संस्थेने रुंद वरंबा-सरी पद्धत बसविली. मात्र ती खात्रीचा पाऊस असलेल्या खोल जमिनींसाठीच योग्य ठरली.

पुढे आफ्रिकेतील नायजर देशात, नियामेजवळ सादोरे येथे संस्थेचे केंद्र उभे राहिले. तेथील मातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाळू, स्फुरद अत्यल्प, आणि वाऱ्याने उडालेली वाळू कोवळी रोपे गाडून टाकते. पटणचेरूचे वरंबे तेथे काय कामाचे? तेथे नेण्याजोगे होते ते प्रश्न: थर किती खोल, ओल किती दिवस, पाणी कोठे अडते? त्यांची उत्तरे मात्र त्या त्या खड्ड्यातच शोधावी लागतात.