रविवारचा गुणाकार

बँकेतल्या माणसाला मोठ्या आकड्यांचं कौतुक नसतं. परक्याच्या लग्नातल्या जिलब्यांकडे आचारी जसा पाहतो, तसा तो लोकांच्या लाखांकडे पाहतो. पण एका आकड्यापुढे मी मान तुकवतो. तो असा: 14,75,73,95,25,89,67,64,12,927.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्या पटाला आणखी तीन घरं जोडा. सदुसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज ती ही. म्हणजे दोनाचा सदुसष्टावा घात, वजा एक.

1644 साली पॅरिसच्या मठातल्या मेर्सेन नावाच्या धर्मगुरूने सांगून टाकलं की ही मूळ संख्या आहे; एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचाच भाग जात नाही. साधुपुरुषाचा शब्द! तो खोडायला 232 वर्षं लागली. 1876 साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की हिला अवयव आहेत. कोणते? ते मात्र त्याच्या रीतीतून कळत नव्हतं.

आमच्या शाखेतल्या संगणकाची तऱ्हा हीच. एका संध्याकाळी त्याने सांगितलं, सत्तावीस रुपयांचा फरक. कुठे? ते तुम्ही बघा! सत्तावीसला नवाने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय, एवढं मी ओळखलं. रात्री साडेनऊला चेक सापडला. 5,185 चे मीच 5,158 केले होते. सत्तावीस रुपये सापडले, घरी जायला रिक्षाला साठ गेले.

चूक आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात हो. ती कुठे आहे ते बसून शोधणारा विरळा. असा एक निघाला. ऑक्टोबर 1903, न्यूयॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एक अक्षर न बोलता, असं म्हणतात, त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला. मग शेजारी 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287 मांडून हाताने गुणाकार केला. दोन्ही उत्तरं तंतोतंत एक! खडू ठेवून ते जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजवल्या.

(सवयीप्रमाणे मी नवाचा ताळा लावून पाहिला. जमतो.)

हे शोधायला किती वेळ लागला, असं पुढे कुणी विचारलं, तेव्हा कोल म्हणाले म्हणे, "तीन वर्षांचे रविवार." आजचा संगणक तेच काम पापणी लवायच्या आत उरकतो. पण त्याला रविवार कुठे असतो?

हे सगळं मी रंगात येऊन हिला सांगितलं. म्हटलं, "बघ, दीडशे रविवार एक माणूस नुसता शोधत बसला!"

"त्यांना सापडलं तरी," ही म्हणाली. "तुमचा चष्मा दर रविवारी मलाच शोधावा लागतो."