रक्तगट आणि विषाणुसंसर्गाची प्रवणता

व्यक्तीचा रक्तगट आणि तिला एखाद्या विषाणूची लागण होण्याची शक्यता किंवा त्या आजाराची तीव्रता यांतील संबंध. रक्तगट ठरवणारे प्रतिजन केवळ तांबड्या पेशींवर नसतात. आतड्याचे व श्वसनमार्गाचे अस्तर, रक्तवाहिन्यांचा आतला थर, लाळ आणि आईचे दूध यांतही ते आढळतात. शरीरात शिरू पाहणाऱ्या अनेक विषाणूंची पहिली गाठ याच अस्तरांशी पडते. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस आणि पार्व्होव्हायरस बी-१९ यांच्याबाबत हा संबंध पेशीच्या पातळीवर दाखवता आला आहे. कोव्हिड-१९ च्या बाबतीत तो मोठ्या लोकसंख्येच्या आकडेवारीत दिसतो, पण सौम्य आहे. देवीच्या बाबतीत तो वादग्रस्तच राहिला. हा संबंध किती बळकट असेल, हे मुख्यतः विषाणू पेशीला धरण्यासाठी रक्तगटाची शर्करा वापरतो की नाही, यावरून ठरते.

रक्तगटाची घडण : कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे मानवी रक्ताचे तीन गट दाखवून दिले. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. या कार्यासाठी लँडस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. एबीओ प्रणालीचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या आज्ञेने तयार होणारे एंझाइम ‘एच’ नावाच्या मूळ शर्करा-साखळीला आणखी एक शर्करा जोडते. ए गटात ती एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन, तर बी गटात गॅलॅक्टोज असते. एबी गटात दोन्ही प्रकारच्या साखळ्या आढळतात. ओ गटात सामान्यतः जनुकातील एक घटक गळालेला असल्याने एंझाइम निष्क्रिय राहते आणि एच प्रतिजन होता तसाच उरतो. एबीओ आणि आरएच या परिचित प्रणालींखेरीज ४० पेक्षा अधिक रक्तगट-प्रणाली आज मान्यताप्राप्त आहेत.

एच प्रतिजन तयार करणारी जनुके दोन आहेत. तांबड्या पेशींवरचा एच प्रतिजन एफयूटी१ मुळे, तर लाळेतला व आतड्याच्या अस्तरातला एफयूटी२ मुळे तयार होतो. एफयूटी२ कार्यक्षम असलेल्यांना ‘स्रावक’ आणि नसलेल्यांना ‘अस्रावक’ म्हणतात. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचातील एक जण अस्रावक असतो. अस्रावकाच्या रक्तात ए किंवा बी प्रतिजन असले, तरी त्याच्या आतड्याच्या पृष्ठभागावर ते जवळपास नसतात. पोटाच्या विषाणूंच्या बाबतीत म्हणूनच ‘गट कोणता’ याच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक, ‘स्रावक की अस्रावक’ हे महत्त्वाचे असते. नेहमीच्या रक्तगट-तपासणीत हे कळत नाही.

एच प्रतिजन हा या साऱ्याचा पाया आहे, हे समजून घेण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा व्यक्तींची नोंद केली, की ज्यांच्या तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच यांपैकी एकही प्रतिजन नव्हता. हाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. या व्यक्तींच्या लाळेतही हे प्रतिजन नसतात, आणि त्यांना फक्त त्याच गटाचे रक्त चालते.

परिणामाच्या वाटा : रक्तगटाचा संसर्गावर परिणाम तीन प्रकारे होऊ शकतो. पहिला, रक्तगटाची शर्करा हीच विषाणूला पेशीवर पकड मिळवून देते. दुसरा, प्रत्येकाच्या रक्तद्रवात स्वतःकडे नसलेल्या प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे लहानपणीच तयार होतात. ए गटाच्या व्यक्तीच्या पेशीतून बाहेर पडणाऱ्या विषाणूच्या आवरणावर ए प्रतिजन येऊ शकतो. तो विषाणू ओ किंवा बी गटाच्या व्यक्तीकडे गेला, तर तिथली ‘अँटी-ए’ प्रतिपिंडे त्याला काही अंशी रोखू शकतात. हे संरक्षण विषाणू कोणाकडून कोणाकडे जातो यावर अवलंबून असते, त्यामुळे ते अपुरे असते. तिसरा, रक्त गोठण्याशी संबंधित आहे. ओ गटाच्या लोकांत फॉन विलेब्रांड घटकाचे प्रमाण इतरांपेक्षा साधारण एक चतुर्थांशाने कमी असते. ज्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यात या फरकाचा परिणाम होऊ शकतो.

नोरोव्हायरस : या विषयातील सर्वांत भक्कम पुरावा अचानक उलट्या-जुलाब घडवणाऱ्या या विषाणूकडून मिळाला. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी १९६८ मध्ये एका प्राथमिक शाळेत साथ आली. तेथील नमुन्यांतून अल्बर्ट कॅपिकियन यांनी १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणू ओळखला. स्वयंसेवकांना तो मुद्दाम पाजला, तरी काही जण कितीही मात्रा दिली तरी आजारी पडत नाहीत, हे पुढील प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले. याचा उलगडा २००३ मध्ये झाला. नॉरवॉक विषाणू दिलेल्या स्वयंसेवकांपैकी एकाही अस्रावकाला लागण झाली नाही. स्रावकांत ओ गटाला धोका अधिक, तर बी गटाला कमी असल्याचेही आढळले. विषाणूचे कवच आतड्याच्या अस्तरावरील एच आणि ए प्रकारच्या शर्करांना चिकटते, बी प्रकारच्या शर्करेला ते नीट चिकटत नाही. पकडच मिळाली नाही, तर संसर्ग सुरूच होत नाही.

मात्र हा निष्कर्ष सर्व नोरोव्हायरसना लागू नाही. या विषाणूचे अनेक जनुकीय प्रकार आहेत आणि प्रत्येकाची शर्करांची निवड वेगळी असते. स्नो माउंटन नावाच्या प्रकाराची लागण रक्तगट किंवा स्रावकता न पाहता होते. अस्रावक असणे हे काही प्रकारांविरुद्धचे कवच आहे, सर्वांविरुद्धचे नाही.

रोटाव्हायरस : लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे हे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. याचे पी[८] आणि पी[४] हे नेहमी आढळणारे प्रकार अस्रावक मुलांना कमी बाधतात. पी[६] हा प्रकार लुईस या आणखी एका रक्तगट-प्रणालीचा प्रतिजन नसलेल्या मुलांत अधिक आढळतो. हा प्रतिजन नसण्याचे प्रमाण आफ्रिकेच्या काही भागांत जास्त असल्याने तेथे पी[६] चा प्रादुर्भावही अधिक दिसतो.

याचा लसीकरणाशी थेट संबंध आहे. पी[८] प्रकारापासून केलेली तोंडावाटे द्यायची लस अस्रावक बाळांच्या आतड्यात नीट वाढत नाही. पाकिस्तान आणि मलावी येथील अभ्यासांत अशा बाळांचा लसीला मिळणारा प्रतिसाद कमी आढळला. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून रोटाव्हायरस लस टप्प्याटप्प्याने आली. हैदराबादच्या भारत बायोटेकने दिल्लीतील नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई या विषाणूपासून ‘रोटाव्हॅक’ तयार केली, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘रोटासिल’ ही वेगळी लस तयार केली. या दोन्ही लसींतील विषाणूंचे पेशीला चिकटणारे प्रथिन मूळचे गाईच्या रोटाव्हायरसचे आहे. त्यामुळे पी[८] लसीबाबतचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. लस कोणत्या मुलांसाठी आहे आणि त्यांच्या आतड्यात कोणत्या शर्करा आहेत, हे पाहून लस घडवण्याची गरज मात्र यातून स्पष्ट होते.

पार्व्होव्हायरस बी-१९ : १९७५ मध्ये लंडन येथे इव्हॉन कोसार्ट यांना रक्तद्रवाच्या ‘बी’ संचातील १९ व्या नमुन्यात हा विषाणू आढळला, म्हणून हे नाव. मुलांच्या गालांवर लाल पुरळ आणणारा हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या पूर्वज-पेशींत वाढतो. त्यासाठी त्याला ‘पी’ प्रतिजन, म्हणजे ग्लोबोसाइड, लागतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. हा प्रतिजन मुळातच नसलेल्या अत्यंत दुर्मिळ व्यक्तींत या विषाणूची लागण पूर्वी होऊन गेल्याची खूण आढळली नाही, आणि प्रयोगशाळेत त्यांच्या अस्थिमज्जेतही विषाणू वाढला नाही. अलीकडच्या संशोधनानुसार ग्लोबोसाइडची गरज पेशीच्या दारात कमी आणि विषाणू आत शिरल्यानंतरच्या टप्प्यावर अधिक असते. निरोगी माणसात हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. सिकलसेलच्या रुग्णात मात्र रक्तपेशींची निर्मिती काही दिवस थांबून जिवावर बेतू शकते. विदर्भ आणि नंदुरबार भागातील सिकलसेल-ग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने हा विषाणू विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

देवी : देवीच्या विषाणूत ए प्रतिजनासारखा घटक असावा आणि त्यामुळे ए गटाच्या व्यक्तींचा प्रतिकार दुबळा पडत असावा, असा तर्क १९६० च्या दशकात मांडला गेला. फ्रीड्रिख फोगेल आणि एम. आर. चक्रवर्ती यांनी पश्चिम बंगाल व बिहारच्या ग्रामीण भागात केलेल्या अभ्यासात (१९६६) ए गटात आजार अधिक तीव्र असल्याचे नोंदवले. मद्रास येथील रुग्णांच्या १९६५ च्या अभ्यासात मात्र असा संबंध आढळला नव्हता. देवीचे निर्मूलन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले आणि रुग्णांवर हा वाद तपासण्याची शक्यता संपली.

कोव्हिड-१९ : २००२-०३ च्या सार्स साथीत हाँगकाँगमधील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या एका छोट्या गटात ओ गटाच्या व्यक्तींना लागण कमी झाल्याचे दिसले होते. मार्च २०२० मध्ये वूहान व शेन्झेन येथील २,१७३ रुग्णांच्या अभ्यासात ए गटाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त, तर ओ गटाचे कमी आढळले. त्याच वर्षी इटली व स्पेनमधील गंभीर रुग्णांच्या जनुकीय अभ्यासातही एबीओ जनुकाचा भाग पुढे आला. डेन्मार्कमध्ये बाधितांपैकी ३८.४ टक्के व्यक्ती ओ गटाच्या होत्या, तर सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ४१.७ टक्के होते. याचा अर्थ शंभर बाधितांमागे ओ गटाचे सुमारे तीन जण कमी. रुग्णालयात दाखल होण्याशी मात्र तेथे रक्तगटाचा संबंध दिसला नाही. अमेरिकेत युटा व शेजारच्या राज्यांतील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात कोणताच संबंध आढळला नाही. अनेक देशांची माहिती एकत्र करणाऱ्या जनुकीय प्रकल्पाने २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला, की एबीओचा संबंध आजाराच्या तीव्रतेपेक्षा लागण होण्याशी अधिक आहे. वय, मधुमेह, लठ्ठपणा आणि लसीकरण यांच्या तुलनेत हा परिणाम फार लहान आहे.

अभ्यासातील अडचणी : रुग्णांची तुलना अनेकदा रक्तदात्यांशी केली जाते. ओ गटाचे रक्त अधिक लागत असल्याने रक्तपेढ्या त्या गटाच्या दात्यांना अधिक वेळा बोलावतात. त्यामुळे रुग्णांत ओ गट कमी असल्याचा खोटा भास होऊ शकतो. दुसरी अडचण वांशिक व प्रादेशिक आहे. लुडविक व हान्ना हिर्शफेल्ड यांनी पहिल्या महायुद्धात सालोनिका येथे निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. भारतीय सैनिकांत बी गटाचे प्रमाण जास्त असल्याची त्यांची नोंद १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ए गट अधिक असलेल्या युरोपातील निष्कर्ष ओ आणि बी गटांचे प्राबल्य असलेल्या भारताला थेट लावले, तर दिशाभूल होते.

उत्क्रांती व व्यावहारिक अर्थ : ए आणि बी हे भेद माणसाबरोबर इतर अनेक वानरवंशीय प्राण्यांतही आहेत. किमान दोन कोटी वर्षे ते टिकून राहिले, असा जनुकीय पुरावा आहे. एका रोगजंतूपुढे दुबळा ठरणारा गट दुसऱ्यापुढे बळकट ठरतो. ओ गटाला तीव्र मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, पण पटकीचा आजार त्याच गटात अधिक तीव्र होतो. सर्व आजारांत ‘चांगला’ ठरणारा रक्तगट अस्तित्वात नाही.

म्हणून रक्तगट पाहून स्वतःला सुरक्षित समजणे किंवा धास्ती घेणे, दोन्ही चुकीचे आहे. ओ गटाच्या व्यक्तीला कोव्हिडची लस तितकीच आवश्यक आहे. जुलाब झालेल्या मुलाला, त्याचा रक्तगट कोणताही असो, जलसंजीवनी लगेच द्यावी लागते. नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा परिणाम कमी होत असल्याने साबण-पाण्याने हात धुणे सर्वांनाच लागू आहे. या ज्ञानाचा खरा उपयोग विषाणूची पकड रोखणारी औषधे शोधण्यासाठी आणि वेगवेगळ्या लोकसमूहांत सारखीच परिणामकारक ठरतील अशा लसी घडवण्यासाठी आहे.