नियमांचे कथन : नागपूरकरांची बंगाल-स्वारी आणि युद्धविषयक व्हिडिओ गेम

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या (१७४२–१७५१) ही एकाच घटनाक्रमाची दोन परस्परविरोधी कथने होत. नागपूरच्या दृष्टीने त्यांची परिणती १७५१ च्या तहात झाली. रघूजी भोसल्यांना ओरिसाचा ताबा आणि सालिना बारा लाख रुपये चौथाई मिळाली. बंगालच्या स्मृतीत मात्र ‘बारगीर’ या मराठी लष्करी शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि तो मुलांना निजवणाऱ्या अंगाईत भयसूचक म्हणून स्थिरावला. कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये खणावयास घेतलेला व अपुराच राहिलेला ‘मराठा खंदक’ हे त्याच भयाचे चिन्ह होते. अशा वादग्रस्त युद्धाला व्हिडिओ गेम हा नवा कथनप्रकार कसे सामोरे जातो, हा समीक्षेचाही प्रश्न आहे.

क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश संस्थेच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या गेममध्ये भारत हे एक रणक्षेत्र असून मराठा राज्यसंघ ही खेळाडूस निवडता येणारी सत्ता आहे. खेळाचा आरंभ १७०० या वर्षी होतो. वस्तुतः त्या वर्षी राजारामांचे निधन झाले होते, ताराबाईंचा मोगलांशी झगडा सुरू होत होता आणि ‘राज्यसंघ’ अद्याप घडावयाचा होता. तथापि हा कालविपर्यास गौण होय. महत्त्वाचे आहे ते नियमांचे व्याकरण. खेळाडू हा संपूर्ण सत्तेचा एकमेव कर्ता असतो आणि प्रत्येक प्रदेश एका वेळी एकाच सत्तेच्या रंगात असतो. प्रत्यक्षात १७४३ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव बंगालमध्ये उतरले, ते अलिवर्दीखानाच्या साहाय्यार्थ, रघूजींच्या विरोधात. पुढे शाहू महाराजांना दोघांत समेट घडवावा लागला. ‘मराठे’ या कर्तृपदाखाली दोन इच्छा परस्परांशी लढत होत्या. चौथाई हा तर दुसऱ्याच्या मुलखावरील वसुलीचा हक्क. अशा दुहेरी हक्काला नकाशावर रंग नाही.

याउलट बंगाली कवी गंगारामाचे समकालीन ‘महाराष्ट्र पुराण’ पाहता येईल. त्यात मराठ्यांची फौज आरंभी पापी प्रजेला शासन करण्यासाठी दैवी योजनेने येते. परंतु तिच्या हातून ब्राह्मण, वैष्णव व स्त्रिया यांच्यावर अत्याचार होऊ लागताच देवी तिच्यावर कोपते, आणि १७४४ मध्ये मनकरा येथे भास्करराम कोल्हटकरांची हत्या होते. एकाच सैन्याचा नैतिक अर्थ संहितेच्या अंतर्गत पालटतो. गंगारामाचा निवेदक निःपक्षपाती नाही; पण तो आहे, आणि म्हणून त्याला प्रश्न विचारता येतो. बखरही आपण कोणाच्या आज्ञेवरून लिहिली गेलो हे बहुधा प्रारंभीच सांगते. व्हिडिओ गेममध्ये असा निवेदक लोपतो. त्याचे कार्य नियम करतात. नियम मत मांडत नाहीत, केवळ काय करता येईल आणि काय मोजले जाईल एवढे ठरवतात. पक्षपात तेथेच वसतो, आणि तो पक्षपात म्हणून जाणवत नाही. पळून जाणारा गावकरी येथे खेळता येत नाही. त्याच्या वाट्याला क्रियापदच नाही.

हा माध्यमाचा अटळ स्वभाव मानणे मात्र चूक ठरेल. सारायेव्होच्या वेढ्यावरून (१९९२–१९९६) स्फुरलेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या पोलिश गेममध्ये खेळाडू सैनिक नसून वेढ्यात अडकलेला नागरिक असतो. अन्न, औषध व ऊब मिळवणे ही त्याची कृती. उलट ‘सिक्स डेज इन फलुजा’ या इराक युद्धावरील गेमच्या प्रकाशनातून कोनामी या जपानी कंपनीने २००९ मध्ये टीकेमुळे अंग काढून घेतले. २०२३ मध्ये तो प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झाला. तेथील वादाचे एक केंद्र हेच होते, की शहराचा अनुभव कोणाच्या डोळ्यांनी घ्यावयाचा.

निवेदकाचा दृष्टिकोन तपासण्यास सरावलेल्या मराठी समीक्षेला येथे नियमांचा दृष्टिकोन तपासावा लागेल. नागपूरचा तरुण पडद्यावर बंगाल जिंकतो तेव्हा तो आपल्याच शहराचा इतिहास पुन्हा घडवतो. पण त्या इतिहासाचा जो अर्धा भाग बंगाली भाषेत जपला गेला, तो नियमांनी आधीच वगळलेला असतो. पराभूताला क्रियापद देणे ही दयेची बाब नव्हे. त्यावाचून युद्धाचे वाक्यच अपुरे राहते.